एकतीस वह्यांतली नदी

दोस्तांनो, तुमच्या शाळेत ‘प्रकल्प’ असतो ना? असणारच! आणि तो कसा होतो, तेही मला ठाऊक आहे. रविवारी संध्याकाळी आठवण होते, ‘अरे बापरे, उद्या प्रकल्प द्यायचाय!’ मग दुकानातून छापील चित्रांचा तक्ता येतो, कात्री येते, डिंक येतो, आई नाहीतर ताई मदतीला बसते. गाईडातून दोन पानं उतरवली जातात. वरून रंगीत पेनाने महिरप. झाला प्रकल्प! तो इंग्रजीचा असेल, तर काय उतरवलं ते कळलं नाही तरी चालतं. अक्षर छान असलं म्हणजे झालं.

हसू नका. मी तुमची चेष्टा करत नाही. कारण असले प्रकल्प मागणारी आणि त्यांना भरभरून मार्क देणारी मी स्वतःच होते. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

मी लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात शिक्षिका आहे. लातूरहून नांदेडकडे निघालात की वाटेत चाकूर लागतं. रेल्वेने फिरणाऱ्यांना आमच्या तालुक्यातलं लातूर रोड जंक्शन माहीत असेल. माझी शाळा तालुक्यातल्या एका लहानशा वाडीत आहे. वाडीचं नाव सांगत नाही, कारण गोष्टीतली माणसं अजून तिथेच राहतात आणि ती मला रागावतील.

२०१८ सालची गोष्ट. मी सातवीच्या वर्गाला इंग्रजीचा प्रकल्प दिला, ‘माय व्हिलेज’. आठ दिवसांनी एकतीस वह्या माझ्या टेबलावर आल्या. मी भराभर पानं चाळली, अक्षर पाहिलं, चित्रं पाहिली, मार्क टाकले. सगळ्यांत सुंदर वही होती एका मुलीची. तिला आपण ‘ताई’ म्हणू या, कारण धाकट्या भावंडांमुळे सगळी वाडी तिला तेच म्हणते. तिचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे! मी तिला दहापैकी दहा दिले.

पुढच्याच आठवड्यात शाळेत एक पाहुणे आले. त्यांनी ताईची वही उचलली, कौतुक केलं आणि अगदी प्रेमाने विचारलं, “व्हेअर इज द रिव्हर?”

ताई उभी राहिली. पाहुण्यांनी पुन्हा विचारलं, “यू हॅव रिटन, माय व्हिलेज इज ऑन द बँक ऑफ अ रिव्हर. व्हेअर इज इट?”

ताई गप्प. तिची मान खाली खाली गेली. मग तिच्या वहीवर टपकन एक थेंब पडला.

आता गंमत ऐका. गंमत कसली, फजितीच! आमच्या वाडीला नदीच नाही. एक ओढा आहे, तोही श्रावण-भादव्यात पाऊस मनासारखा झाला तर वाहतो. पाहुणे गेल्यावर मी सगळ्या वह्या पुन्हा उघडल्या. एकतीसच्या एकतीस वह्यांत गाव नदीकाठी वसलेलं! कुणी तिच्यात होडीसुद्धा काढली होती. मी विचारलं, “अरे, ही नदी आली कुठून?” तर मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “मॅडम, गाईडात हायच की नदी!”

वर्ग हसला. ताई हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेले, तर तिचे वडील म्हणाले, “मॅडम, तिच्या डोक्यात काय इंग्रजी शिरना. सातवी झाली की बस करावं म्हणतो. घरी आजीला तरी मदत होईल.”

माझ्या पोटात धस्स झालं. पोरीची शाळा सुटायची वेळ आली होती, आणि कशामुळे? तर मी न वाचताच दहा मार्क दिलेल्या एका खोट्या नदीमुळे.

त्या रात्री मला माझं लहानपण आठवलं. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. (पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली.) आम्ही स्पेलिंगं दहा-दहा वेळा लिहायचो. पाढे म्हणावेत तशी क्रियापदाची तीन रूपं म्हणायचो. गो-वेन्ट-गॉन, कम-केम-कम. मला ती धडाधड पाठ होती. मी आठवीत असताना, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांतली गावंच्या गावं भुईसपाट झाली, हजारो माणसं गेली. आजूबाजूच्या गावांनी घरोघरी भाकरी भाजल्या, बांधल्या आणि ट्रक भरून पाठवल्या. तशाच एका ट्रकमधून वडिलांबरोबर मीही गेले होते.

एका मदत छावणीत बाहेरच्या राज्यातून आलेल्या एक नर्सबाई जखमींना पाहत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं. एका म्हातारीला काहीतरी दुखत होतं, ती सारखी छातीला हात लावत होती. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहून इंग्रजीत विचारलं, “व्हॉट इज शी सेइंग?” म्हातारी सांगत होती, “श्वास घेतला की बरगडीत कळ येते.” मला म्हातारीचं कळत होतं, नर्सबाईंचंही थोडं कळत होतं. पण मधे बोलायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. गो-वेन्ट-गॉन होतं, पण ‘हिला इथे दुखतंय’ एवढं सांगता येईना. शेवटी मी नुसतं माझ्या बरगडीवर बोट ठेवलं. नर्सबाईंना ते समजलं, म्हातारीला औषध मिळालं. पण मला मात्र ती लाज पुष्कळ दिवस पुरली. तीन वर्षं मी इंग्रजी शिकले होते, पण कुणाला काही सांगण्यासाठी ते वापरायचं असतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

पुढे मी शिक्षिका झाले, इंग्रजीच वाट्याला आलं, आणि मी काय केलं? तेच! पोरांकडून उतरवून घेतलं.

मग मी जरा पुस्तकं धुंडाळली. तुम्हांला वाटेल, प्रकल्प म्हणजे शाळेने काढलेलं नवीन खूळ. मुळीच नाही, बरं का! अमेरिकेत विल्यम हर्ड किलपॅट्रिक नावाच्या एका शिक्षणतज्ज्ञाने १९१८ साली ‘प्रकल्प पद्धती’वर एक लेख लिहिला. मुलाने मनापासून, काही हेतू धरून एखादं काम केलं की त्यातून शिकणं घडतं, असं त्याचं म्हणणं होतं. आपल्याकडे गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत ‘नई तालीम’ मांडली. हाताने काम करता करता शिकायचं, सूत कातता कातता त्याचं मोजमाप करायचं आणि गणितही शिकायचं.

आणि इंग्रजीचं म्हणाल, तर १९७९ साली आपल्याच देशात, बंगलोरमध्ये, एन. एस. प्रभू यांनी एक वेगळा प्रयोग सुरू केला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, अशाच शाळांतल्या मुलांसाठी तो होता. व्याकरणाचे नियम घोकून घेण्याऐवजी त्यांनी मुलांना कोडी घातली. हे बघा रेल्वेचं वेळापत्रक, सांगा बरं, या गावाहून त्या गावाला जायला कोणती गाडी धरावी? हा नकाशा, यातून वाट काढा. मुलं उत्तर शोधण्यात गुंग व्हायची आणि तेवढ्यात भाषा हळूच मनात उतरायची. पोहायला शिकताना पाण्याचं पुस्तक वाचून चालत नाही, विहिरीत उडी टाकावीच लागते, तसंच!

वाचताना माझ्या लक्षात आलं, आमच्या प्रकल्पात तक्ता होता, चित्रं होती, महिरप होती. पण कोडं नव्हतं. आणि ते वाचायला खरा माणूसही नव्हता. मी होते, पण मी तर अक्षर पाहत होते!

दुसऱ्या दिवशी ताईच्या घरी पुन्हा गेले. म्हटलं, “ताई, चूक तुझी नाही, माझी आहे. नदी खोडून टाकू. आता खरं काहीतरी लिहायचंय, आणि ते तुझ्याशिवाय होणार नाही.” ती आली. मनात नसताना आली, पण आली.

वर्गात मी विचारलं, “आपल्या इथे इंग्रजी कुणाच्या कामाला येईल?” बराच वेळ कुणी बोललं नाही. मग नदीवाला तोच पोरगा म्हणाला, “मॅडम, चाकूरला बीएसएफ हाय. तिथल्या बायका बाजारात येतात. त्यांना आपलं बोलणं कळत न्हाई, मग त्या बोट दाखवून भाजी घेतात.”

बघा, कोडं कसं चालत आलं! चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून जवान तिथे येतात. कुणाचं गाव केरळात, कुणाचं आसामात, कुणाचं आंध्रात. एकीने शंका काढली, “पण ते हिंदी बोलतात की!” खरं होतं. पुष्कळांना हिंदी येतं. पण सगळ्या घरच्यांना येतंच असं नाही, आणि आमच्या आज्यांना तरी हिंदी कुठे येतं? तेव्हा ठरलं. मराठी न येणाऱ्या माणसाला चाकूरच्या आठवडी बाजारात खरेदी करता यावी, म्हणून इंग्रजीत एक छोटी पुस्तिका करायची.

चार गट पाडले. भाजीपाला, धान्य-डाळी, फळं-मसाले आणि मापं-भाव. मुलं वह्या घेऊन बाजारात गेली. ताईची आजी तिथे पोतं अंथरून भाजी विकायला बसते, त्यामुळे भाजीच्या गटात ताई आपोआप पुढारी झाली. कोणती भाजी कधी येते, जुडी कितीची, पावशेर म्हणजे किती, सगळं तिला तोंडपाठ!

मग सुरू झाली शब्दांची शोधाशोध. एका शब्दकोशावर चार डोकी. आणि काय काय सापडलं म्हणता! कारल्याला म्हणतात ‘बिटर गोर्ड’. बिटर म्हणजे कडू. मग एक जण आपणहून म्हणाला, “म्हणजे औषधपण बिटर!” दोडका म्हणजे ‘रिज गोर्ड’, रिज म्हणजे दोडक्यावरच्या त्या उभ्या कडा. दुधीला ‘बॉटल गोर्ड’. तीन भाज्यांत ‘गोर्ड’ समजला, तो कुणाला पाठ करावा लागला नाही. तुरीला ‘पिजन पी’ म्हणतात हे कळल्यावर वर्गात हशाच पिकला, कबुतराचा वाटाणा! आणि हुलगा तर ‘हॉर्स ग्राम’, घोड्याचा हरभरा!

पण अंबाडीपाशी गाडी अडली. शब्दकोशात जे नाव मिळालं, ते मलाही कधी ऐकू आलं नव्हतं. मुलं म्हणाली, “हे त्या बाईला तरी काय कळणार?” तेव्हा ताईने पहिल्यांदा तोंड उघडलं. “मॅडम, नाव येत नसलं तर ती कशी लागते ते सांगू का?” मी म्हटलं, “सांग की!” तिने बऱ्याच वेळाने, शब्द जुळवत जुळवत, लिहिलं, ‘अंबाडी. सावर लीफ. वुई कुक विथ दाल. वुई इट विथ भाकरी.’

दोस्तांनो, खूण म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवा. एखादा शब्द आला नाही, तर थांबायचं नाही. वळसा घालून जायचं. तो कसा दिसतो, कसा लागतो, कशाला वापरतात, ते सांगायचं. मोठमोठ्या भाषा येणारी माणसंसुद्धा हेच करतात.

व्याकरण नव्हतं असं समजू नका. होतं! पण ते मागून आलं. ‘हाऊ मच इज धिस?’ हे वाक्य सगळ्यांनी लिहिलं. मग टोमॅटोच्या ढिगाशी अडखळले. टोमॅटो तर पुष्कळ! तेव्हा ‘हाऊ मच आर दीज?’ शिकावं लागलं. पाठ्यपुस्तकात हेच मी तीनदा शिकवलं होतं आणि तिन्ही वेळा ते कानावरून गेलं होतं. लाल पेन मी कपाटात ठेवलं. एका गटाने आपलं पान दुसऱ्या गटाला वाचून दाखवायचं, त्यांना कळलं नाही तर बदलायचं, असा नियम केला.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. धान्याच्या गटात एकच मुलगा सगळं लिहीत होता आणि बाकीचे पेरू खात होते. ठरवताना मुलं मराठीतच भांडायची. ते मी चालू दिलं, कारण विचार ज्या भाषेत नीट होतो त्या भाषेतच तो करावा. इंग्रजी हवं ते पुस्तिकेत. आठ दिवसांचं काम तीन आठवडे चाललं. पुस्तकातला एक धडा मागे राहिला, तो मला नंतर जादा तास घेऊन शिकवावा लागला.

दसऱ्याच्या आधीच्या बाजारादिवशी आमची आठ पानांची, झेरॉक्स केलेली पुस्तिका तयार होती. चित्रं मुलांनीच काढलेली. मी जरा लांब, चहाच्या टपरीजवळ उभी होते. ताई आजीशेजारी पोत्यावर बसली होती, मांडीवर पुस्तिका.

एक बाई आल्या. हातात पिशवी. त्यांनी भाज्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, “गोंगुरा?”

ताईने आजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, “काय म्हणलालीय ती?” गोंगुरा कुणालाच माहीत नव्हता. बाई निघाल्याच होत्या. तेवढ्यात त्यांची नजर हिरव्या जुड्यांवर गेली आणि त्यांनी बोट दाखवलं, “व्हॉट इज धिस?”

मी श्वास रोखला. पुन्हा तसाच इंग्रजी प्रश्न, पुन्हा तीच मान खाली घालून बसलेली पोरगी. पुढे जावं असं फार वाटलं, पण पाय आवरले.

ताईने पुस्तिका उघडली नाही. ती म्हणाली, “अंबाडी. सावर लीफ. वुई कुक विथ दाल.”

बाईंनी एक पान खुडलं, चावलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. “गोंगुरा! धिस इज गोंगुरा!” त्या आंध्रच्या होत्या. आपली अंबाडी म्हणजेच त्यांचा गोंगुरा! तिची चटणी-लोणचं त्यांच्याकडे फार आवडीचं. किती दिवसांपासून त्या शोधत होत्या आणि ती इथेच, पोत्यावर पडलेली होती. त्यांनी विचारलं, “हाऊ मच?” ताईने भाव सांगितला. त्यांनी चार जुड्या घेतल्या आणि पुस्तिकाही मागून घेतली. आजी नातीकडे अशी बघत राहिली, जणू ती आत्ताच विमानातून उतरली आहे!

बाई गेल्यावर ताई धावत टपरीपाशी आली. म्हणाली, “मॅडम, तिला कळलं ओ! मी बोललेलं तिला कळलं!”

मार्क किती पडले, हे तिने विचारलंच नाही. मग तिने पेन्सिलीने आपल्या पुस्तिकेत अंबाडीपुढे लिहिलं, ‘गोंगुरा’. आमच्या पुस्तिकेतला तो एक शब्द कुठल्याच गाईडात नव्हता.

त्या वर्षी परीक्षेत आमच्या वर्गाचे मार्क काही आभाळाला भिडले नाहीत. थोडे वाढले, एवढंच. पण ताईच्या वडिलांनी “बस करावं” हा विषय पुन्हा काढला नाही. बाजारातली हकीकत आजीने वाडीभर केली होती ना! ताई आठवीला चाकूरला जाऊ लागली. पुढे २०२२ साली दहावी झाली, मग बारावी झाली, आता लातूरला शिकते. तिच्या इंग्रजीत अजून चुका होतात. माझ्याही होतात. पण प्रश्न विचारला की तिची मान आता खाली जात नाही.

आता तुमचं सांगा. २०१० पासून आपल्या शाळांत मूल्यमापनासाठी जी साधनं ठरली, त्यांत प्रकल्पही आहे. म्हणजे तो तुम्हांला कधी ना कधी करावाच लागणार. मग तो खराच करा की! आधी असा प्रश्न शोधा, ज्याचं उत्तर गाईडात नाही. मग असा एक माणूस शोधा, ज्याला ते उत्तर हवंय. एस.टी. स्टँडवरच्या पाट्या इंग्रजीत लिहून देता येतील. आजीच्या धपाट्यांची कृती दूरच्या मावसभावाच्या मित्राला इंग्रजीत पाठवता येईल. गावातल्या विहिरी मोजून त्यांचा नकाशा करता येईल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या शाळेतली मुलं तर संगणकावरून परदेशातल्या मुलांशी बोलत. पण संगणक नसला तरी अडत नाही. आमचं काम एका पोत्यावर झालं.

आणि हो, हल्ली मोबाईलला सांगितलं की तो क्षणात सुरेख इंग्रजी निबंध लिहून देतो. त्याला शब्द जरूर विचारा, चुका दाखवायला सांगा. पण तुमच्या गावाविषयी त्यालाच लिहू दिलंत, तर सांभाळा हं! त्यातही कदाचित एक नदी असेल.

तुमच्या गावाला खरोखरच नदी असेल, तर तिचं नाव, तिला पाणी कधी येतं आणि तिच्या काठी काय पिकतं, ते इंग्रजीत पाच वाक्यांत लिहा. नसेल, तर ‘देअर इज नो रिव्हर इन माय व्हिलेज’ असं पहिलं वाक्य लिहा आणि मग काय आहे ते सांगा. मी वाचीन. या वेळी अक्षराकडे नाही बघणार, अगदी शब्द न् शब्द वाचीन!